शब्दचर्चा: ‘रिस्क’, ‘प्रेडिक्शन’, ‘आउटकम’ – पेशंटच्या हातातल्या कागदावर मराठीत काय लिहावं?

चरई, ठाणे (मूळ प्रश्न)

मी अनुवादाची कामं करते. सध्या नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाचं माहितीपत्रक हातात आहे. दाखल झाल्यावर पहिल्या 24 तासांतल्या नोंदींवरून, दुसऱ्या देशात तयार झालेल्या पद्धतीने, पुढच्या 30 दिवसांत कोणाची तब्येत खालावेल हे आधी ओळखता येतं का, असा अभ्यास आहे. पेशंटने किंवा नातेवाइकाने पत्रक वाचून सही करायची. माझ्याकडे तपासायला आलेल्या मसुद्यात हे वाक्य होतं: ‘आपल्या मृत्यूच्या धोक्याचे भाकीत करण्यात येईल.’

हे वाचून सही करायला कोणाचा हात धजेल? वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, म्हणून तर कोणी अडवलं नाही. पण ‘भाकीत’ हा शब्द ज्योतिषाच्या ओटीवरचा. भाक म्हणजे दिलेलं वचन. भाकीत खरं ठरतं नाहीतर खोटं ठरतं, त्याला मधली जागा नाही. या अभ्यासात तर सगळं मधल्या जागेतच चाललंय.

मी ते बदलून ‘तुमचा धोका मध्यम आहे’ असं केलं आणि कोपरखैरण्याला राहणाऱ्या ओळखीच्या काकांना वाचून दाखवलं. वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी म्हणून त्यांची हयात गेली. त्यांनी विचारलं, “मध्यम म्हणजे घरी जायचं का थांबायचं?” मला उत्तर देता आलं नाही.

तुम्ही तिन्ही शब्दांना काय वापरता?

वाशी, परिचारिका

ताई, वॉर्डात आम्ही ‘रिस्क’च म्हणतो, आणि नातेवाईकसुद्धा “सिस्टर, रिस्क किती आहे?” असंच विचारतात. तो शब्द घालवायचा हट्ट नको.

‘प्रेडिक्शन’बद्दल मात्र सांगते. आम्ही तक्त्यावर न्यूज स्कोअर (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, तब्येत बिघडत असल्याचा वेळीच इशारा देणारे गुण) भरतो. श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, ताप, वरचा रक्तदाब, नाडी आणि शुद्ध. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये तो आणला आणि 2017 मध्ये सुधारला. बेरीज 5 झाली की डॉक्टरांना तातडीने कळवायचं, 7 झाली की ती आणीबाणी समजायची. यातलं प्रत्येक माप आत्ताचं आहे. म्हणून मी घरच्यांना ‘इशारा मिळालाय, लक्ष वाढवलंय’ असं सांगते. ‘इशारा’ म्हटलं की माणूस घाबरतो, पण हातपाय गाळत नाही.

आणि कृपा करून पत्रकात ‘प्रकृती स्थिर’ लिहू नका. डॉक्टरांना एवढंच म्हणायचं असतं की आकडे हललेले नाहीत. व्हेंटिलेटरवरचा पेशंटही स्थिर असतो. घरचे मात्र ते ऐकून निर्धास्त होतात, आणि रात्री फोन करायची वेळ आमच्यावर येते.

नेरुळ, वैद्य

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: साध्यासाध्यता, म्हणजे रोग बरा होण्यासारखा आहे की नाही. सुखसाध्य (सहज बरा होणारा), कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य, असाध्य. ‘याप्य’ मला फार मोलाचा वाटतो. बरा न होणारा, पण उपचार चालू असेपर्यंत ताब्यात राहणारा रोग. मधुमेहाच्या पेशंटला हे एका शब्दात कळतं.

चरकसंहितेचं इंद्रियस्थान हा भाग अरिष्टलक्षणांचाच आहे, म्हणजे मरण जवळ आल्याच्या चिन्हांचा. चिन्हं दिसली तरी कोणी विचारल्याशिवाय वैद्याने मरण बोलून दाखवू नये, असंही तिथे सांगितलंय. तुमच्या मसुद्यातल्या वाक्याने नेमकं तेच केलं. तरीही ‘साध्यासाध्यता’ पत्रकात घाला असं मी म्हणणार नाही. त्या शब्दाने रोगाचे वर्ग पडतात. तुम्हाला शंभरात किती, ते सांगायचंय.

घोडबंदर रोड, संख्याशास्त्र शिकवतो

वैद्यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जातो. ‘रिस्क फॅक्टर’ (रोगाची शक्यता वाढवणारी गोष्ट) ही कल्पना रूढ झाली ती अमेरिकेतल्या हृदयविकारावरच्या फ्रेमिंगहॅम अभ्यासामुळे. तो 1948 मध्ये 5,209 लोकांना घेऊन सुरू झाला आणि त्यांच्या 1961 च्या लेखापासून हा शब्द पसरला. रिस्कचा आकडा जन्मापासून समूहाचा आहे. ‘तुमचा धोका 20 टक्के’ या वाक्यातला ‘तुमचा’ फसवा आहे. एका माणसाला 20 टक्के काही होत नाही. त्याला ते होतं किंवा होत नाही.

शालेय गणितात ‘संभाव्यता’ आहे, पण तो शब्द वर्गातच राहू द्या. पत्रकात ‘शक्यता’ पुरते.

जाता जाता दुसरा एक शब्द सुचवतो. मॉडेलने, म्हणजे नोंदींवरून शक्यता काढणाऱ्या गणिती पद्धतीने, ज्यांना ज्यांना 20 टक्के सांगितले त्या सगळ्यांना एकत्र केलं, तर साधारण पाचांत एकाची तब्येत खरोखर खालावलेली दिसली पाहिजे. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी वर्गात ‘ताळा’ म्हणतो. बेरीज-वजाबाकीचा ताळा करून पाहायची सवय आपल्या हाडात आहे. जास्त आजारी आणि कमी आजारी यांना वेगळं काढणं हे निराळं काम, धान्य निवडण्यासारखं. परक्या देशातल्या पेशंटांवर बांधलेलं मॉडेल इथे निवड चांगली करेल आणि तरीही ताळ्यात चुकेल, असं होऊ शकतं. म्हणून तर इथल्या वॉर्डांत पुन्हा तपासावं लागतं. तुमच्या पत्रकात हे कारण आलं पाहिजे, ताई. लोकांना ते पटेल.

ऐरोली

आमची आजी लग्नाला निघताना म्हणायची, “जोखीम सांभाळ गं,” म्हणजे अंगावरचे दागिने. ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामात ‘अतिजोखमीची माता’ रुळलेलाच आहे. ‘जोखीम’ म्हटलं की सांभाळायचं काहीतरी समोर येतं. ‘धोका’ म्हटलं की आमच्या पोरांना हिंदीतला विश्वासघात आठवतो.

चरई, ठाणे

ऐरोलीकर, तुमच्या आजींच्या वाक्याने गाठ सुटली. आपण ‘रुग्ण दगावला’ म्हणतो, त्यातही दगाच आहे. धोका, दगा, दगाफटका: मराठीत मरण असं कुणीतरी फसवल्यासारखं येतं, आणि मग फसवलं कोणी, हे विचारत माणसं नर्सच्या टेबलाशी उभी राहतात. ‘जोखीम’मध्ये तो आरोप नाही. शिवाय कानाला ‘जोखणं’ शेजारचं, म्हणजे तोलून पाहणं. काका आयुष्यभर तोललेलाच माल वाहत आले.

‘आउटकम’ला ‘परिणाम’ नको, तो औषधाच्या दुष्परिणामाशी जाऊन भिडतो. ‘निष्पत्ती’ शाळांच्या कागदांवर आहे, तिथेच बरी. मी ‘पुढे काय झालं’ असं सरळ लिहिलंय.

आता वाक्य असं झालंय: ‘तुमच्यासारखा त्रास घेऊन दाखल झालेल्या 100 जणांपैकी साधारण किती जणांची तब्येत पहिल्या 30 दिवसांत खालावते, याचा अंदाज बांधायची एक पद्धत दुसऱ्या देशात तयार झाली आहे. ती आपल्याकडच्या पेशंटांना लागू पडते का, हे आम्ही तपासत आहोत. त्यासाठी तुमच्या नोंदी आणि पुढे काय झालं, हे आम्हाला हवं आहे.’ ‘जोखीम’ फक्त शीर्षकात ठेवलीय.

काल काकांना पुन्हा वाचून दाखवलं. खाली उदाहरण दिलं होतं: समजा, 100 पैकी 15 जणांची तब्येत खालावली. काकांनी थांबवलं. “आणि बाकीचे पंच्याऐंशी?”

ते मी लिहिलंच नव्हतं. आता दोन्ही आकडे एकाच ओळीत आहेत, आणि पंच्याऐंशी आधी.