अण्णांना रोज मध्यरात्री जाग यायलीय, आधी कोणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणी जिल्ह्यातले. वडील ६४ वर्षांचे, शेती करतात. पडले की लगेच घोरायला लागतात पण दोन-अडीचला उठून लघवीला जातात, आल्यावर डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठतात. आधी वाटायचं सवय असल, कारण मोटरीची लाईट रात्रीच्या पाळीला यायची आन दारं धरायला उठावंच लागायचं, पण सोलर पंप बसवल्यापासून पाणी दिवसाच देतात तरी जाग काही जाईना.

बीपीची गोळी रात्री जेवून घेतात. शुगर मागं बॉर्डरवर होती, नंतर तपासलीच नाही. संध्याकाळी पाय सुजतात. जेवणावर अर्धा कप चहा लागतोच, तंबाखू पण आहे (सोडा म्हणलं की दिवसभर बोलत नाहीत). एकानं झोपेची गोळी सुचवली, आई म्हणती वय झालं, चालायचंच. कोणत्या टेस्ट कराव्या?

प्रतिसाद १
दादा, लघवीनं जाग येती का जाग आल्यावर जाऊन येतात ते आधी विचारा, दोन्हीची कारणं वेगळी. गोळीच्या पाकिटावर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय का? ती लघवी वाढवणारी गोळी, डॉक्टरला विचारून सकाळी घेता येती, मनानं बंद करू नका. पायात दिवसभर साचलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परत येतं, त्यानंही रात्री लघवी वाढती. शुगर १८० च्या वर गेली की लघवीतून जाती आन सोबत पाणी ओढून नेती, म्हणून एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) कराच. या वयात प्रोस्टेटची (लघवीच्या पिशवीखालची गाठ, वयानं वाढती) सोनोग्राफी पण.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर पण घोरण्याकडं कुणी बघंना. मधीच श्वास थांबून दचकल्यासारखा पुन्हा चालू होतो का? त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यानं झोप तुटती, लघवीही जास्त होती, बीपी पण आटोक्यात येत नाही. तसं असल तर डॉक्टरला घोरण्याचं सांगितल्याशिवाय झोपेची गोळी देऊ नका.

धागाकर्ता
आईला विचारलं तर म्हणती, "थांबतोय की श्वास, मी हलवते मग चालू होतो, घोरणं काय दुखणं असतंय व्हय?" आता काय बोलावं. गोळीत क्लोरथॅलिडोन निघालं. सोमवारी फिजिशियनकडं नेतो. स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो ते तपासणारी टेस्ट) परभणीत कुठं होती का, का नांदेड-संभाजीनगर गाठावं लागंल?