पुढच्या साथीत हॉलमधल्या सामन्यांना प्रेक्षक बसवायचे का?

आर्वीचा पंच:
काल इथे एक पोस्ट आली. म्हणणं असं, की पुढे कधी कोरोनासारखी साथ आलीच तर तालुका क्रीडा संकुलातली कबड्डी बंद करू नका. गेटवर ताप मोजा, हातावर सॅनिटायझर द्या, एक खुर्ची सोडून माणूस बसवा, झालं काम. हे वाचून गप्प बसवत नाही. या तिन्ही गोष्टींनी हॉलमधली हवा जराही बदलत नाही. कोरोना पसरला तो मुख्यतः श्वासातून बाहेर पडून हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांनी. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस लागण देऊ लागतो, त्याला ताप मोजणारी बंदूक कशी अडवणार? 10 मार्च 2020 ला अमेरिकेत स्कॅजिट इथे 61 जणांचा समूहगायनाचा सराव झाला. अडीच तासांच्या त्या सरावातले बाधित, संशयित धरून, 53 निघाले. चढाईला ओरडणारा प्रेक्षक त्या गायकांपेक्षा कमी दम लावतो का?

दर्यापूरचा वीजतंत्री:
पंचसाहेब, उदाहरण बरोबर, निष्कर्ष घाईचा. हिशेब मांडा. हॉल 30 मीटर लांब, 20 रुंद, 7 उंच, म्हणजे 4,200 घनमीटर. खेळाडू धरून माणसं 300. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा आराखडा माणशी सेकंदाला 10 लिटर बाहेरची हवा मागतो. म्हणजे तासाला 10,800 घनमीटर. हवा बाहेर फेकणाऱ्या एक्झॉस्ट पंख्याच्या पाटीवर तासाला 9,000 लिहिलं असेल तर निम्मंच धरा, कारण पाखरांसाठी लावलेली जाळी अन् धूळ बसलेली पाती बाकीचं खातात. असे चार एक्झॉस्ट लावले तर 18,000 झाले. पंखे एका लांब भिंतीवर उंच, समोरच्या भिंतीच्या खिडक्या खालून उघड्या. लोक नेमकं इथेच चुकतात: दारं लावून एक्झॉस्ट फिरवतात. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

वणीचा शटलवाला:
कबड्डीपुरतं ठीक. बॅडमिंटनला हे जमणारच नाही. पाच ग्रॅमचं शटल, झुळूक आली की बाजूच्या रेषेबाहेर. म्हणून तर सामन्याला दारं-खिडक्या लावतात. तिथे प्रेक्षक नकोतच. टीव्हीवर पाहा.

अंजनगावचा गडी:
वीजवाले भाऊ, एक्झॉस्टले पैसे कायले घालता? आपल्या इकडं हॉलच्या खिडक्याईत मोठाले डेझर्ट कूलर हायेत नं. कूलर बाहेरची हवा ओढते अन् आत फेकते. एसीवानी तीच ती हवा फिरवत नाई.

आर्वीचा पंच:
कूलर म्हणजे उपाय? त्याने पहिल्या रांगेतल्याचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. लोकांच्या जिवाशी खेळू नका.

अंजनगावचा गडी:
कूलर उघडून पाह्यला काय कधी? तीन बाजूनं गवताच्या ताट्या, ताट्याईतून बाहेरचीच हवा येते. न पाहता बोलून ऱ्हायले तुम्ही.

दर्यापूरचा वीजतंत्री:
दोघांचंही अर्धंच खरं. खिडकीत बसवलेला कूलर ताजी हवा आणतो, पण समोरच्या खिडक्या उघड्या असतील तरच. तोच कूलर स्टँडवर हॉलच्या आत ठेवला तर आतलीच हवा ओली करून फिरवतो, अन् संकुलांमध्ये नेमकं हेच दिसतं. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, ताट्यांवर क्षाराचा थर चढतो, हवा अडते, मोटर तापते. दर हंगामात ताट्या बदलाव्याच लागतात. पावसाळ्यात पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीची. सामने तेव्हाच असतात, अन् थंडीत कूलर कोणी लावत नाही, खिडक्या लोक स्वतःच लावून घेतात.

अंजनगावचा गडी:
थंडीचं म्हणणं मान्य. पण हा मुद्दा पंचसाहेबाईनं मांडला नाई, तुम्ही मांडला.

मेळघाटातली आरोग्यसेविका:
कूलरवर इतकं भांडलात, हॉलबाहेरचं कोणीच बोललं नाही. सामना सुटल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अन् काळी-पिवळी जीपमध्ये दाटीने बसून हीच माणसं वीस गावांत जातात. काळी-पिवळीच्या काचा थंडीत बंदच असतात. मेळघाटातल्या धारणीहून जिल्ह्याचं ठिकाण अमरावती सुमारे 150 किलोमीटर, घाटाचा रस्ता. रुग्णाला ऑक्सिजन लागला तर तेवढा वेळ पुरला पाहिजे. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यात दुसरी लाट आधी अमरावतीत उसळली, 22 तारखेपासून अमरावती-अचलपूर बंद करावं लागलं. म्हणून आधी जिल्ह्यातल्या रिकाम्या खाटा मोजा, खुर्च्या मग. अन् तोंडाला गुंडाळलेल्या दुपट्ट्याला मास्क म्हणू नका; बाजूने फट न राहणारा एन-95च हवा.

वणीचा शटलवाला:
मग मैदानात घ्या सामने. मातीवर कबड्डी पिढ्यान्पिढ्या चालत आली.

आर्वीचा पंच:
आता मॅटवर खेळतात, भाऊ. रात्री दव पडलं की मॅट निसरडी होते, गुडघ्याचे सांधे निखळतात. मैदानात घ्यायचं तर दुपारी बारा ते चार, दव पडायच्या आत. ते मला चालेल. हॉलमध्ये मात्र प्रो कबड्डीने आठव्या हंगामात केलं तसं, प्रेक्षकांविना. 50 टक्क्यांचा नियम तर कामाचाच नाही. ऑक्टोबर 2020 पासून बंदिस्त जागेत क्षमतेच्या निम्मे, जास्तीत जास्त 200, अशी केंद्राची परवानगी होती. टिनाच्या बुटक्या शेडमध्ये 200 अन् उंच संकुलातही 200, हे एकच कसं?

दर्यापूरचा वीजतंत्री:
त्यासाठीच कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावा. तो वायू श्वासातून बाहेर पडतो, हवा कोंडली की आकडा चढतो. बाहेर आकडा हवेच्या दहा लाख भागांत 420 च्या आसपास असतो. प्रेक्षक बसतात त्या उंचीवर, दारापासून लांब टांगा. 800 च्या खाली असेल तर सामना चालू. 1,000 झाला की थांबवा, हॉल रिकामा करा. वीज गेली अन् जनरेटर नसेल तर आकडा काही मिनिटांतच चढू लागतो, म्हणून जनरेटरवर आधी पंखे, मग दिवे.

आर्वीचा पंच:
मीटरचं पटलं. कूलरचं अजून नाही. पण 1,000 झाल्यावर भरल्या हॉलमध्ये उपांत्य सामना थांबवणार कोण? आयोजकांच्या हातात मीटर दिला तर तो कधीच 1,000 दाखवणार नाही.

मेळघाटातली आरोग्यसेविका:
मग मीटरचा आकडा गुणफलकाशेजारी लावा, सगळ्यांना दिसेल असा. अन् थांबवायचा अधिकार पंचाला द्या.

आर्वीचा पंच:
दिला तर थांबवीन.