खून करणाऱ्याला माफ करता येतं का? तुमच्या घरात घडलं असेल तर लिहा

धागा काढणारा, वाळवा तालुका

गेल्या मंगळवारी पोलीस ठाण्यातून हवालदार घरी आले होते. आमच्या चुलतभावानं फर्लोचा, म्हणजे तुरुंगातून काही दिवसांच्या रजेचा, अर्ज केलाय, मयताच्या घरच्यांची काही हरकत आहे का, हे विचारायला. मयत म्हणजे माझा थोरला भाऊ.

२०११ च्या जूनमध्ये बांधावरनं झालं. बांध कुणी कोरला, यावरनं पाच-सहा वर्षं धुसफूस होतीच. सरकारी मोजणी झाली होती, खुणेचे दगड रोवले होते, ते एका रात्रीत हललेही होते. त्या दिवशी दादा रानात एकटा होता आणि चुलतभावाच्या हातात कुऱ्हाड होती. दीड हात बांधापायी एक माणूस स्मशानात गेला आणि एक कळंब्याच्या तुरुंगात. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला टेकलेली. चुलतीच्या कुकरची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. चौदा-पंधरा वर्षं आई आणि चुलती एका नळावर पाणी भरतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

हवालदारांना आई म्हणाली, "चार दिसांनी या." तेव्हापासून ती जेवते कमी आणि बसून राहते जास्त. मी तिला काय सांगू? मला स्वतःलाच कळत नाही. लहानपणी ज्याच्या सायकलवर पुढं बसून शाळेत गेलो त्याच्याबद्दल मला काय वाटतं, हे मी आजवर कुणाशी बोललो नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहावं. मत नको, काय घडलं ते सांगा. सुविचार नकोत, कृपया. नावं-गावं ओळखू येतील असं लिहू नका.

जळगाव जिल्हा

नाही, एवढं लिहून थांबणार होते. पण तुमच्या आईंबद्दल वाचून राहवलं नाही.

माझी मोठी बहीण १९९३ साली सासरी जळाली. नायब तहसीलदार जबाब घ्यायला आले तेव्हा ताईनं सांगितलं, स्टोव्हचा भडका उडाला. आदल्या रात्री मी पाणी पाजत होते तेव्हा माझ्या कानात तिनं दुसरंच सांगितलं होतं. तिचं धाकटं पोर सव्वा वर्षाचं होतं. बाप आत गेला तर पोरांना कोण बघेल, एवढाच तिचा विचार. मी सतरा वर्षांची. कोर्टात मी सांगितलं, पण कागदावर तिचा स्वतःचा जबाब होता. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. वर्षभरात दुसरं लग्न केलं.

गेल्या वर्षी त्याच धाकट्याचं लग्न झालं. मी गेले. भाच्यासाठी गेले, अक्षता टाकल्या, जेवले नाही. बायका आपसात म्हणत होत्या, बघा, मावशीनं पोटात घातलं सगळं. ताईनं मरताना त्याला माफ केलं असेल तर तो तिचा हक्क, जीव तिचा गेला होता. मी केलेलं नाही. मला तिचा तो कानाशी आलेला श्वास अजून आठवतो, भाजलेल्या कातडीचा वास आठवतो. तो माणूस मांडवात फेटा बांधून उभा होता.

निवृत्त वकील, पुणे

धागाकर्त्यासाठी एक स्पष्टीकरण, कारण यात माणसं नेहमी गोंधळतात. हवालदार विचारतात ती हरकत. ते माफी विचारत नाहीत, आणि तुम्ही दिलीत तरी कायद्याला तिचं काही करता येत नाही. खून तडजोडपात्र गुन्हा नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२० होतं, आता नव्या संहितेत ३५९ आहे. घरच्यांनी मिटवून टाकता येतील अशा गुन्ह्यांच्या यादीत खून तेव्हाही नव्हता, आजही नाही. फिर्याद तुमची असली तरी खटला सरकारचा. शिक्षा माफ करण्याचा किंवा घटवण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल आणि सरकारकडे.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हाही गैरसमज. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षं भरल्याशिवाय सुटकेचा विचारच होत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये गोपाळ गोडसेच्या अर्जावर सांगितलं. ते प्रकरण अभ्यासताना मला कळलं की मणिलाल आणि रामदास या गांधींच्या दोन मुलांनी नथुरामला फाशी देऊ नये म्हणून विनंती केली होती. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. बापाच्या मारेकऱ्यासाठी अर्ज लिहायला बसलेल्या त्या दोघांचा विचार माझ्या मनातून तेव्हापासून गेलेला नाही.

बीड जिल्हा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. लिहू का, असा विचार दोन दिवस केला.

माझ्या वडिलांनी दारूच्या नशेत त्यांच्याच मित्राला मारलं. दोघं एकाच टोळीत ऊसतोडीला जायचे. मी तेव्हा चौथीत. आई आठवडी बाजारात भाजी विकायची. ज्यांचा माणूस गेला त्या काकू दर शनिवारी यायच्या आणि आमच्याच पाटीवरनं भाजी घ्यायच्या. बाजारात चाळीस भाजीवाल्या असतील. बोलायच्या नाहीत. मेथीची जुडी उचलायच्या, पैसे ठेवायच्या, जायच्या. इतर बाया घासाघीस करायच्या, त्यांनी कधीच केली नाही. आईनं एकदा जुडी जास्तीची टाकली तर ती त्यांनी परत ठेवली.

अकरा वर्षं हे चाललं. त्या वारल्या तेव्हा आई मातीला गेली आणि लांब, बाभळीखाली उभी राहिली. त्यांच्या मुलानं बघितलं. काही बोलला नाही, हाकललंही नाही. वडील सुटून आलेत, घरीच असतात. मी त्यांना माफ केलंय का, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

वसई

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे हा प्रश्न रोजच्या प्रार्थनेतच येतो.

नव्वदच्या दशकात वसईत जमिनींवरून काय चालायचं ते इथल्या माणसांना सांगायला नको. माझ्या धाकट्या भावाला त्यातच मारलं. महिन्याच्या मिस्साला फादरांनी आईला सांगितलं, क्षमा कर, तुलाच हलकं वाटेल. आई काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळपासून रोझरीच्या वेळी, प्रभूच्या प्रार्थनेत आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो असं येतं तिथं ती गप्प व्हायची. आम्ही सगळे म्हणायचो, तिचा आवाज नसायचा. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायची. देवासमोर खोटं बोलणार नाही, म्हणायची.

सिस्टर रानी मारिया यांची गोष्ट आमच्या चर्चमध्ये पुष्कळदा सांगितली गेली. २५ फेब्रुवारी १९९५ ला मध्य प्रदेशात चालत्या प्रवासात बसमध्येच समुंदर सिंहनं त्यांना भोसकलं. त्यांची सख्खी बहीण, तीही नन, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. तो सुटल्यावर केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्यांच्या आईनं त्याला जवळ घेतलं. २०१७ मध्ये इंदूरला सिस्टरना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हाही तो तिथं हजर होता. माझ्या आईनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, तो रडत आला होता ना तिच्या दारात? माझ्याकडे कोण आलंय?

शेवटच्या आजारपणात, २००९ ला, एका रात्री तिनं ती ओळ म्हटली. मी चमकून पाहिलं. दुसऱ्या रात्री पुन्हा गप्प. मरेपर्यंत असंच, कधी म्हणायची, कधी नाही.

फिलाडेल्फिया

घरातला अनुभव नाही, पण शेजारचा आहे. २ ऑक्टोबर २००६ ला निकेल माइन्सच्या अमिश (जुन्या पद्धतीनं साधं जगणारा ख्रिस्ती पंथ) शाळेत एका दूधगाडीवाल्यानं दहा मुलींना गोळ्या घातल्या. पाच गेल्या. त्यानं स्वतःलाही संपवलं. आम्ही तेव्हा तिथून गाडीनं पाऊण तासावर राहायचो आणि भाजी-अंडी अमिश बाजारातूनच आणायचो. त्याच दिवशी अमिश लोक त्या माणसाच्या बायको-मुलांना धीर द्यायला गेले. नंतर त्याच्या दफनालाही गेले. पुढच्या शनिवारी आम्ही बाजारात गेलो तेव्हा अंडी विकणाऱ्या बाई नेहमीसारख्याच होत्या, फक्त डोळे सुजलेले. मला त्यांच्याशी काय बोलावं सुचेना. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मला ते जमलं नसतं.

अहिल्यानगर जिल्हा

वरच्या पोस्टबद्दल आदर ठेवून लिहितो. त्या अमिश लोकांच्या दारात गावातली मोठी माणसं 'मिटवून घ्या' म्हणत आली नव्हती.

आमच्या वस्तीतल्या माझ्या चुलत्याला मारलं. कारण सांगत नाही, जात सांगितली की कारण कळेल. ॲट्रॉसिटी लागली, केस उभी राहिली. मग एकेक येऊ लागले. सोसायटीचे चेअरमन, शाळेतले गुरुजी, दोन कीर्तनकार. गावात राहायचंय ना, झालं-गेलं विसरा, मोठं मन करा. साक्षीदार पाच होते, चार फितूर झाले. पाचवी माझी आजी. आम्हाला माफी मागायला कुणी आलं नाही, माफ करा म्हणून सांगायला मात्र सगळे आले.

आजीनं साक्ष दिली. वकिलानं उलटतपासात विचारलं, तुमचा यांच्यावर राग आहे म्हणून खोटं सांगताय ना? आजी म्हणाली, "राग तर हायेच. खोटं न्हाई." शिक्षा लागली त्या रात्री आजी कित्येक महिन्यांनी सलग झोपली. आधी हे होऊ द्या, मग माफीचं विचारा. आता कुणी विचारलं तर मी निदान ऐकून घेईन.

गडचिरोली

एटापल्ली तालुक्यातलं आमचं गाव. निवडणुकीच्या पथकाला वाट दाखवली म्हणून बाबांना दादालोकांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, रात्री उठवून नेलं. सकाळी रस्त्यावर सापडले, छातीवर चिठ्ठी, पोलिसांचा खबऱ्या. बाबांनी कुणाची खबर कधी दिली नव्हती. दिली असती तरी काय! मी आश्रमशाळेत होतो, तिसऱ्या दिवशी कळलं.

मी आता जिल्ह्याच्या गावी लोकांचे अर्ज भरून द्यायचं काम करतो. २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना आहे, त्यामुळे बंदूक टाकून आलेली बरीच माणसं इथं राहतात. भाजीला जातात, पोरांना शाळेत सोडतात. तीन वर्षांपूर्वी एक बाई कागद घेऊन आली. मी तिचं बोलणं ऐकून माडियात विचारलं, गाव कुठलं. तिनं सांगितलं आणि मग माझं विचारलं. मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तुझ्या बाबाच्या वेळी मी होते. हात बांधायचा दोर माझ्याकडं होता. सोळा वर्षांची होते.

मी अर्ज पूर्ण भरला. फोटो चिकटवला. वीस रुपये घेतले, सगळ्यांकडून घेतो तसे. उठताना ती म्हणाली, बाबानं पाणी मागितलं होतं, मी पाजलं, त्यावरून मला बोलणी बसली.

घरी येऊन मला उलट्या झाल्या. पण खरं सांगतो, इतकी वर्षं मला हाच प्रश्न छळत होता की शेवटी त्यांना तहान लागली असेल का. रात्र मेची होती. ते दुसरं कुणीच मला सांगू शकलं नसतं.

ज्यानं हुकूम दिला तो पुढं चकमकीत मेला. त्याच्याबद्दल आत काही हलत नाही. ही रस्त्यात दिसली की मी मान हलवतो, तीही हलवते. याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. माझ्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

नाव-गाव देत नाही

मी माणूस मारलाय. माझ्या मेव्हण्याला. चोविसाव्या वर्षी. कारणं होती असं तेव्हा वाटायचं.

शेवटची काही वर्षं आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला काढली. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेली ही कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, शेती करायची, बायको-मुलं सोबत राहू शकतात. माझी बायको आली नाही. तिच्या भावाला मी मारलं होतं, ती कशी येईल?

सासऱ्यांना मी नऊ पत्रं लिहिली. प्रत्येकात माफी. तुरुंगातल्या एका वयस्क कैद्यानं विचारलं, पत्र पोचल्यावर म्हाताऱ्यानं काय करायचं? उत्तर द्यायचं? फाडायचं? तुझं ओझं उतरवायला त्याला का कामाला लावतोस? मी पत्रं टाकली नाहीत. अजून ट्रंकेत आहेत. वर वसईच्या ताईंनी लिहिलंय, माझ्याकडे कोण आलंय. ते वाचल्यापासून मी चुकलो की काय असं वाटतंय. सासरे नव्वदीला आलेत.

वसई

दादा, टाका ते पत्र. एकच टाका, लहानसं. उत्तराची अपेक्षा नाही असं लिहा. ते फाडतील तर फाडू देत.

जळगाव जिल्हा

मी वेगळं सांगते. आधी बायकोला विचारा. भाऊ तिचा होता.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचलं. गडचिरोलीच्या दादांचं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पाण्यापाशी तिनं थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला सांगितलं.

आज सकाळी हवालदार आले. आई म्हणाली, "लिवा, येऊ दे त्याला. त्याची आय थकलीया, तिला बघू दे पोरगं. पर त्यानं बांधाकडं जायाचं न्हाई." हवालदारांनी लिहिलं. माणूस भला, त्यांनी पुढं आपल्याच मनानं 'आम्ही त्यास माफ केले आहे' अशी ओळ घातली. जबाब वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "ह्ये म्या म्हटलं न्हाई. खोडा." त्यांनी ओळीवर रेघ मारली, शेजारी सही केली. आईनं अंगठा दिला.

बेंदराच्या आसपास तो घरी येईल. चुलतीला कुणी सांगितलं माहीत नाही. संध्याकाळपासून भिंतीपलीकडं माळ्यावरची भांडी काढल्याचा आवाज येतोय. आई जागीच आहे.