बी-१२ आता नॉर्मल आहे, तळपाय मात्र बधिरच. तरडगाव ते फलटण चालू शकेन का?

काजबटण, फलटण

नमस्कार. मी ४९ वर्षांची, घरीच ब्लाउज शिवते. २००२ साली माळ घातली, तेव्हापासून अंडी-मासे बंद. दूध माझ्या वाट्याला चहापुरतं, कारण मुलं लहान होती आणि जे काय दूध होतं ते त्यांना. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

२०१८ ची दिवाळी, शिलाईची गर्दी. पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दिवसभर पायडल मारून येत असतील असं वाटलं. मग जीभ लाल होऊन जळजळायला लागली, जिना चढताना धाप लागायची. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांत ११.६ झालं, धाप गेली, सगळे म्हणाले, "झालीस बरी." मुंग्या तोवर घोट्यापर्यंत चढल्या होत्या. मी दर खेपेला सांगायची आणि दर खेपेला कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत यायची.

एक दिवस मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि भिंतीवर आदळले. चक्कर नव्हती. डोळे मिटले आणि पाय कुठे टेकलेत तेच कळेनासं झालं. नंतर एकदा रस्त्यात एका बाईने हाक मारली, "अहो, तुमची चप्पल मागे राहिली." मे महिन्यातल्या डांबरावर मी वीस-पंचवीस पावलं एका पायाने अनवाणी चालले होते. घरी येऊन बघते तर टाचेला फोड.

मग करोना आला आणि वर्ष तसंच गेलं. २०२१ मध्ये पुण्याला न्यूरोलॉजिस्टकडे गेले. त्यांनी घोट्याच्या हाडावर एक चिमट्यासारखं लोखंड टेकवलं आणि विचारलं, "थरथर कळते का?" मी म्हणाले, "आधी वाजवा तरी." ते वाजतच होतं. तेव्हा मी पहिल्यांदा रडले. बी-१२ हे जीवनसत्त्व अंडी-मासे-दुधातून मिळतं, ते माझं निघालं ८८, म्हणजे खूपच कमी. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरी रेघ, म्हणजे तिथे इजा झालेली.

बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. जीभ महिन्याभरात बरी झाली. हातही बधिर झाले होते, ते बरेचसे सुधारायला आठ-नऊ महिने लागले. पायांचा बधिरपणा गुडघ्याखालून उतरत घोट्यापाशी आला आणि २०२२ च्या शेवटी तिथेच थांबला, तो आजपर्यंत. रक्तातलं बी-१२ आता सातशेच्या वर आहे. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, आता कशाला तेच तेच. त्यांच्या मनात वाईट नाही. पण रिपोर्ट रक्ताचा आहे, पायांचा नाही, हे कसं समजवावं कळत नाही.

सुई हातात धरलीय की नाही हे मला अजूनही बघून खात्री करावी लागते. हातशिलाईचं काम दिवसाउजेडीच करते. हौसेने मशीनला मोटर बसवली होती, ती काढून टाकली, कारण पाय किती दाबला गेलाय ते कळायचं नाही आणि कापड सुसाट पुढे जायचं. जुन्या पायडलचा आवाज तरी कानाला कळतो. रात्री अंथरुणात तळव्याखाली कुणी खडे पसरलेत असं वाटतं. त्यासाठी प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची गोळी घेते, झोप लागते, पण सकाळी दहापर्यंत डोकं जड.

दोन प्रश्न आहेत. उरलेलं आता सुधारेल का? आणि दुसरा, खरं तर यासाठीच लिहितेय. माझं माहेर तरडगाव. माउलींची पालखी लोणंदहून निघते, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं, तरडगावला मुक्काम पडतो आणि दुसऱ्या दिवशी पालखी फलटणला येते. २०१९ ला शेवटची चालले. तेवढा एकच टप्पा, माहेरापासून सासरापर्यंतचा, मला पुन्हा चालायचाय. या पायांनी जमेल का?

लालपरी_निवृत्त, नाशिक

ताई, मी एसटीत चालक होतो. मला साखर, दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात मी मटण-मासे खाणारा, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पाय बधिर झाले ते साखरेमुळेच, असं सगळे धरून चालले. ब्रेकवर पाय आहे की नाही हे वाकून बघावं लागलं, त्या दिवशी स्कूटरची चावी मुलाच्या हातात दिली. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ते किती जड गेलं, ते मलाच माहीत.

माझं जे राहिलं ते राहिलं, सात वर्षं तसंच आहे. पण पडणं बंद झालं. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, अंगठ्याची चप्पल कायमची सोडा. घरातसुद्धा अनवाणी नको. अंघोळीचं पाणी पायावर घेण्याआधी कोपराने बघा. रात्री मोरीपर्यंतच्या वाटेवर छोटा दिवा चालू ठेवा, तुमचे डोळे हेच आता तुमचे पाय आहेत. झोपताना तळव्याखाली आरसा धरून रोज बघायचं, बोटांच्या बेचक्यांतही. काठीची मला लाज वाटायची. मग लक्षात आलं, पायाला जी जमीन कळत नाही ती काठीतून हाताला कळते. त्या दिवसापासून काठी सुटली नाही.

वारीला मोजे पांढरे घाला. जखम झाली तर रक्त लगेच दिसतं. आषाढातला पाऊस असतो, म्हणून दोन जोड जास्त ठेवा. ओले मोजे घालून चाललात तर कातडी सोलून निघेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

फिजिओ_पुणे

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण मोरीत जे झालं त्याचा अर्थ सांगते. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पायांच्या सांध्यांतून मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाणारी जाणीव. तुमची तिसरी वाट बिघडली आहे. डोळे मिटले की डोळ्यांची वाटही जाते, आणि एकट्या कानाच्या भरवशावर उभं राहता येत नाही.

बी-१२ नसलं की नसांवरचं आवरण नीट टिकत नाही. आवरणच गेलं असेल तर ते बऱ्यापैकी भरून येतं, आतली तारच तुटली असेल तर फार थोडं. म्हणून बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिने ते वर्षभरात दिसते. तीन वर्षं थांबलेलं पूर्ण परत येईल, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण तोल ही वेगळी गोष्ट आहे. तो सरावाने सुधारतो, नस तशीच राहिली तरी.

फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलं आणि नसा बिघडत राहिल्या, हे नेमकं असंच होतं. रक्ताला फॉलिकने भागतं, नसांना भागत नाही. तुमची तक्रार खरी होती ताई, पहिल्या दिवसापासून.

एक विचारून घ्या: कारण फक्त आहार होता, की पोटात बी-१२ शोषलंच जात नाही? तसं असेल तर इंजेक्शन जन्मभर. कुठल्याही परिस्थितीत रिपोर्ट नॉर्मल म्हणून मनाने बंद करू नका. आणि नसांच्या गोळ्यांच्या पट्टीवर बी-६ किती आहे ते वाचा. बी-६ मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांतून ते नकळत वाढतं.

व्यायाम: ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, मग एकच बोट टेकवून. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालणं. डोळे मिटून करायचं तर पाठीशी भिंतीचा कोपरा आणि जवळ माणूस हवंच. वारी अजून चार महिन्यांवर आहे, आज सुरुवात करा.

मुलांचंही तपासा. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती, त्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी होतं. आपल्याकडे हे घराघरात आहे.

लेस्टरकर

ताई, माझ्या आईचं पोटच बी-१२ शोषत नाही. इथे इंग्लंडमध्ये तिला दर दोन महिन्यांनी हायड्रॉक्सोकोबालामिनचं, म्हणजे बी-१२ चंच, इंजेक्शन मिळतं. तिचेही तळपाय परत आले नाहीत. नातेवाईक तिला शाकाहारावरून बोलायचे, आणि तिच्या बाबतीत तर ते कारणही नव्हतं. तुम्हालाही कुणी माळेवरून बोललं असेल. माळ काढायची गरज नाही. गोळी-इंजेक्शनातलं बी-१२ जिवाणूंपासून बनवतात, प्राण्यांपासून नाही.

काजबटण, फलटण

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. माळेवरून बोलणी खाल्लीत, दादा. ते वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं.

काका, पट्ट्याची सँडल आणि काठी घेतली. गेला महिनाभर सकाळी उजाडल्यावर लेकीबरोबर नीरा कालव्याच्या कडेने चालते. आधी अर्धा किलोमीटर, आता तीन. मातीवर जमतं, खडीवर अजून भीती वाटते. फिजिओताई, पट्ट्या वाचल्या. दोन गोळ्यांत मिळून बी-६ खरंच खूप होतं, डॉक्टरांनी एक बंद केली. ओट्याशी उभं राहणं चार आकड्यांवरून अकरापर्यंत आलं.

लेकीचं रक्त तपासलं. तीही लहानपणापासून अंडी-मासे खात नाही. तिचं बी-१२ आलं १३१, कमीच. तिला अजून काहीच त्रास नाही, म्हणून ती हसत होती. मी तिच्या घोट्याला हात लावून विचारलं, कळतंय का? म्हणाली, हो गं आई, कळतंय की. तिचं पहिलं इंजेक्शन काल झालं. पालखीत ती माझ्या डाव्या हाताला चालणार आहे, काठी उजव्यात.