मदत हवी आहे: ट्रोजन काढला तरी परत येतो

काजवा:
लॅपटॉपवर ट्रोजन (कामाच्या प्रोग्रॅमच्या वेषात शिरणारं घातक सॉफ्टवेअर) आलाय. डिलीट केला की रीस्टार्टनंतर पुन्हा हजर. उद्या काम द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

रिकामा_रकाना:
विंडोज कोणतं? अँटिव्हायरस कोणता? त्याने नाव काय दाखवलं? एवढ्याशा माहितीवर काय सांगणार?

जुनी_खिडकी:
सरळ फॉरमॅट मारा. मी नेहमी तेच करतो, विषय संपतो.

काजवा:
फॉरमॅट नको, सगळा डेटा त्यातच आहे. विंडोज ११, अँटिव्हायरस त्यातलाच डिफेंडर. नाव ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.

पेंग्विनप्रेमी:
लिनक्स टाका. मी कित्येक वर्षं वापरतोय, अँटिव्हायरसची गरजच पडली नाही.

रिकामा_रकाना:
@पेंग्विनप्रेमी, उद्या काम द्यायचंय त्यांना, आज ऑपरेटिंग सिस्टिम कुठे बदलायला लावता!
काजवा, वाकाटॅक हे नाव डिफेंडर नाना तऱ्हेच्या फाइलींना देतो, कधी निर्दोष फाइललाही. डिफेंडरच्या प्रोटेक्शन हिस्टरीत पूर्ण पाथ, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, दिसेल, तो द्या. आणि हे सुरू होण्याआधी नवीन काय टाकलं होतं?

काजवा:
ॲपडेटा, रोमिंग, त्यात एक विचित्र नावाचा फोल्डर आणि आत एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई. नवीन काही नाही. भावाने व्हिडिओ एडिटर टाकला होता तेवढाच, क्रॅकवाला, म्हणजे लायसन्स तोडून फुकट केलेला. सोबतच्या सूचनेत अँटिव्हायरस बंद करून चालवा असं होतं.

जुनी_खिडकी:
मग शोधायचं काय राहिलं? फॉरमॅट.

रिकामा_रकाना:
एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाइल, पण खरी विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असते, रोमिंगमधली बनावट आहे. तुम्ही फाइल काढताय, पण तिला परत आणणारी नोंद तशीच आहे. डिफेंडर अपडेट करा आणि नेट तोडा. टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारा) आणि स्टार्टअप ॲप्समध्ये त्या फोल्डरचा पाथ असलेली नोंद शोधून काढून टाका. डिफेंडरची एक्सक्लूजनची, म्हणजे तो तपासत नाही अशा जागांची, यादी जरूर बघा, बरेच ट्रोजन तिथे स्वतःची सोय करून ठेवतात. मग ऑफलाइन स्कॅन. तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो, साधारण १५ मिनिटं.

अनुस्वार:
मी दोन अँटिव्हायरस एकदम चालू ठेवते, तसं करा.
अवांतर: ट्रोजन व्हायरससारखा आपोआप पसरत नाही, कामाची वस्तू म्हणून आपल्याच हातून आत येतो. १९८९ साली एड्सची माहिती म्हणून टपालाने फ्लॉप्या पाठवल्या होत्या. मशीन ९० वेळा सुरू झालं की त्यातला ट्रोजन फाइलींची नावं बिघडवून पैसे मागायचा.

रिकामा_रकाना:
दोन रिअल-टाइम (सतत पहारा देणारे) अँटिव्हायरस एकमेकांनाच अडवतात, तसं नको. दुसऱ्याने अधूनमधून स्कॅन केलं तर चालेल.

काजवा:
एक्सक्लूजनमध्ये अख्खा सी ड्राइव्ह होता! काढला. शेड्यूलरमध्ये 'अपडेट' नावाचं टास्क दर लॉगिनला तीच फाइल चालवत होतं, तेही काढलं. ऑफलाइन स्कॅननंतर दोनदा रीस्टार्ट केलं, परत आलं नाही. पासवर्ड आता याच लॅपटॉपवरून बदलू?

रिकामा_रकाना:
नाही, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. 'सगळीकडून लॉगआउट'ही करा. ब्राउझरच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या फाइली) चोरीला गेल्या असतील तर नुसता पासवर्ड बदलून चोर बाहेर पडेलच असं नाही. टू-स्टेप (पासवर्डसोबत आणखी एक कोड) चालू करा. आणि काम दिल्यावर जुनी_खिडकी म्हणतात तसं विंडोज नव्याने टाकाच, कारण ट्रोजनने आणखी काय आणून ठेवलंय ते स्कॅनला दिसेलच असं नाही. डेटा घेताना फक्त कागदपत्रं आणि फोटो, एकही ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) नको.

जुनी_खिडकी:
इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्हही दुसऱ्या मशीनवर बनवा.

काजवा:
ठीक. ईमेलचा बदलला, बँकेचा बदलतोय. भावाचा एडिटर आत्ताच काढू की फॉरमॅटपर्यंत राहू दे?

रिकामा_रकाना:
आत्ताच.