‘अजून ठरत नाही’ : द्विधा, धरसोड, चालढकल, चूक आणि हिय्या

दिंडोरीकर
नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या एका गटासाठी चार पानी पत्रक तयार होतंय. छाटणीची तारीख, मजुरांची टोळी, माल कधी द्यायचा, असल्या गोष्टी ठरवायला होणारा उशीर कसा टाळायचा, हा विषय. मसुद्यात ‘अनिर्णय’, ‘द्विधा’, ‘चालढकल’ आणि ‘धरसोड’ हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरलेत. ते समानार्थी आहेत का? दुसरी अडचण ‘चुकांकडे नव्या दृष्टिकोनातून पाहा’ या वाक्याची. बांधावर असं कोणी बोलत नाही. आणि शेवटच्या पानावर ‘धाडसी निर्णय’ लिहावं की ‘साहसी’?

कोशवाचक
समानार्थी नाहीत, आणि इथे तो फरक फार उपयोगाचा आहे. प्रत्येक शब्द वेगळं दुखणं सांगतो.

‘द्विधा’ हे मुळात संस्कृत क्रियाविशेषण, अर्थ दोन प्रकारे, दोन भागांत. ‘बहुधा’, ‘शतधा’मध्ये आहे तोच ‘धा’ प्रत्यय. म्हणून ‘द्विधा मनःस्थिती’ म्हणजे दुभंगलेलं मन. दोन वाटा स्पष्ट दिसतात आणि दोन्हींना वजन आहे, तेव्हाच हा शब्द वापरावा. ‘मी द्विधात आहे’ हे व्याकरणाला धरून नाही. नामच हवं असेल तर ‘दुविधेत’ म्हणा.

‘चालढकल’मध्ये दोन वाटा नाहीतच. काय करायचं ते माहीत आहे, फक्त काम पुढे ढकललं जातंय. ‘धरसोड’ याच्या उलट. तिथे ठरवलेलं असतं, पण मग सोडलं जातं आणि पुन्हा धरलं जातं. ‘घुटमळणं’ म्हणजे उंबऱ्यापाशी फिरत राहणं, त्यात भीती आहे. ‘कच खाणं’ हे ऐन वेळेचं.

‘अनिर्णय’ यातलं काहीच नेमकं सांगत नाही. तो काढून टाकावा.

बागलाणी
कोशवाचकांच्या यादीत ‘तळ्यात-मळ्यात’ घाला. त्या खेळात उडी आपण मारतो, पण हुकूम दुसरा देतो. औषधाच्या दुकानात एक ऐकायचं, शेजारच्या बांधावर दुसरं, मोबाइलवरच्या गटात तिसरं आणि दर वेळी उडी बदलायची, याला हाच शब्द बसतो. द्विधा असलेला माणूस निदान स्वतःशी झगडत असतो. तळ्यात-मळ्यातवाल्याने तेही काम दुसऱ्यावर सोपवलेलं असतं.

उदाहरण छाटणीचंच घ्या. आमच्या सटाणा-कळवण भागात अर्ली छाटणी जून-जुलैपासून सुरू होते. माल लवकर येतो, भाव चांगला मिळण्याची आशा असते. पण कोवळी फूट पावसात सापडते, म्हणजे डाऊनी (केवडा रोग) आली, घडकूज आली. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरच्या आसपास छाटतात. तिथे पावसाचा धोका कमी होतो, पण फार लांबवलं तर बाग थंडीत फुटते, फूट रेंगाळते, भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) वाढते आणि माल बाजारात गर्दीच्या वेळी येतो. दोन्हीकडे मिळकत आहे, दोन्हीकडे जोखीम आहे. ही खरी द्विधा.

पण तारीख ठरली आहे आणि टोळीला फोन केलेला नाही, ही चालढकल. ढग दिसले म्हणून टोळी परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून पुन्हा बोलावली, ही धरसोड. पत्रकात ही तीन उदाहरणं शेजारी-शेजारी छापलीत तर वाचणारा आपलं दुखणं स्वतःच ओळखेल.

ओझरकर
दुखण्यागणिक औषध वेगळं, तेही लिहायला हवं. थोडक्यात देतो.

द्विधा असेल तर माहिती लागते, पण मोजकी. छाटणीसाठी चार गोष्टी पुरतात: काडीच्या डोळ्यांच्या (कळ्यांच्या) तपासणीचा अहवाल, पुढच्या चार-पाच दिवसांचा पावसाचा अंदाज, टोळीची तारीख आणि विहिरीतलं पाणी. पाचवी गोष्ट शोधायला लागलात की समजावं, आता आपण माहिती शोधत नाही, धीर शोधतोय.

चालढकल असेल तर माहितीचा काही उपयोग नाही. तिथे तारीख आणि पहिलं छोटं काम ठरवावं. ‘छाटणी करायची’ हे काम नव्हे. ‘आज सातच्या आत टोळीच्या मुकादमाला फोन’ हे काम.

धरसोडीसाठी अट आधी कागदावर लिहावी: कोणत्या कारणाने तारीख बदलेल आणि किती दिवसांनी. उदाहरणार्थ, ‘सलग दोन दिवस पाऊस लागला तर चार दिवस पुढे, नुसतं आभाळ आलं तर नाही.’ अट ढग येण्याआधी लिहायची. ढग आल्यावर लिहिलेली अट ही अट नसतेच, ती सबब असते.

दिंडोरीकर
हे सरळ पत्रकात जाईल. एक शंका. तीन एकरांची बाग तीन टप्प्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटतात. ही धरसोड म्हणायची का?

बागलाणी
अजिबात नाही. धरसोडीत एकाच गोष्टीवर मन उलटसुलट होतं. टप्प्यांत प्रत्येक तुकड्याची तारीख आधीच पक्की असते, आणि कोणत्या तरी तुकड्याची तारीख चुकणार हे गृहीत धरूनच ती आखणी केलेली असते. मजूर, फवारणी आणि काढणीही विभागली जाते. मात्र बाग लहान असेल तर टप्पे करू नयेत, प्रत्येक तुकड्याचं फवारणीचं वेळापत्रक वेगळं होऊन गोंधळ वाढतो.

कांद्याचंही तसंच. उन्हाळ कांदा कांदाचाळीत भरून भावाची वाट पाहणं ही चालढकल की सबुरी? ‘अमुक भाव आला की एक तृतीयांश, आणि अमुक तारखेला भाव काहीही असो, पुढचा एक तृतीयांश’ असं ठरलेलं असेल तर सबुरी. काही ठरलेलंच नसेल तर चालढकल, कारण कांदा काही थांबत नाही. वजन घटतं, सड लागते, कोंब येतात.

कोशवाचक
आता ‘चूक’. इथे मराठी आपल्याला आयतं देते, नव्या दृष्टिकोनाची गरजच नाही.

‘चुकणे’चा जुना अर्थ पाप किंवा गुन्हा नव्हे. तो आहे हुकणं, ढळणं, निसटणं. प्राकृतात ‘चुक्क’ हे क्रियापद याच अर्थाने येतं. आजही गाडी चुकते, वाट चुकते, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो, दोन माणसांची चुकामूक होते. यात कोणीच अपराधी नाही. ठरलेली जागा आणि पोहोचलेली जागा यांत अंतर पडलं, एवढंच.

आणि गंमत म्हणजे ‘अपराध’ हा एवढा जड शब्दही मुळात तिथलाच. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटलंय. म्हणजे दोन्ही शब्द नेम हुकल्याचे. एकाला पुढे न्यायालयाचा वास लागला, दुसरा घरातच राहिला.

म्हणून ‘चुकांकडे नव्या दृष्टिकोनातून पाहा’ हे काढा. त्याऐवजी साधा प्रश्न छापा: ‘काय चुकलं?’ या क्रियापदाला कर्ता लागतो, त्यामुळे उत्तर देताना नेमकं बोलावंच लागतं. अंदाज चुकला, वेळ चुकली, माप चुकलं की माणूस?

पंचवटीकर
व्याकरणाच्या अंगाने यात भर घालते. चार वाक्यं शेजारी ठेवून पाहा.

मी चुकलो.
माझं चुकलं.
माझ्याकडून चूक झाली.
मी चूक केली.

पहिल्यात अख्खा माणूस चुकलेला आहे. चौथ्यात जणू ठरवून केलेली कृती आहे, म्हणून ते वाक्य आरोपासारखं ऐकू येतं. तिसरं कार्यालयीन, माफीच्या अर्जातलं. ‘माझं चुकलं’ मात्र विलक्षण वाक्य आहे. ‘माझं’मध्ये जबाबदारी पुरती घेतलेली आहे, पण चुकलंय ते ‘काहीतरी’, नपुंसकलिंगी, दुरुस्त करता येईल असं. इतकं नेमकं माप फार थोड्या वाक्यांना साधतं, ते जपून वापरायला हवं.

आता हेच व्याकरण ‘ठरणे’ला लावा. ‘अजून ठरलं नाही’, ‘काही ठरत नाहीये’. इथे ठरवणाराच वाक्यातून गायब झाला. जणू तारीख स्वतःहून ठरणार होती आणि ती रुसून बसली. ‘मी अजून ठरवलं नाही’ म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, कधी ठरवणार? म्हणून गटाच्या बैठकीत एक नियम करता येईल: चुकीबद्दल बोलताना ‘चुकलं’ चालेल, निर्णयाबद्दल बोलताना ‘ठरलं नाही’ चालणार नाही, ‘ठरवलं नाही’ म्हणायचं. कोण आणि कधीपर्यंत, तेही त्याच वाक्यात.

ओझरकर
ताई, नियम पटला. पण ‘चुकलं’च्या पांघरुणाखाली सगळंच झाकायला नको. मराठीत ‘हयगय’ हा शब्द आहे, ‘गफलत’ आहे, ‘घोडचूक’ आहे. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइड या औषधाचं पेस्टिंग, म्हणजे डोळ्यांना लेप, करायचं असतं, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. उशीर झाला आणि बाग मागेपुढे फुटली, तर फवारणीपासून काढणीपर्यंत प्रत्येक कामाचा मेळ बिघडतो. मजूर आले नाहीत म्हणून उशीर झाला तर वेळ चुकली. औषध आणायचंच राहिलं तर ती हयगय. पाऊस अवेळी आला तर अंदाज चुकला. काडी तपासलीच नाही आणि सवयीने दरवर्षीच्या डोळ्यावर कात्री लावली, तर तीही हयगयच, त्याला नशीब म्हणू नये.

कोशवाचक
बरोबर. ‘गफलत’ अरबीतून आलेला, अर्थ बेसावधपणा. लक्षच नव्हतं. ‘हयगय’मध्ये लक्ष असूनही कदर नव्हती. चुकणं या दोहोंपेक्षा वेगळं, कारण लक्ष होतं, कदर होती, तरी नेम हुकला. पत्रकात हे तीन शब्द याच क्रमाने समजावून द्यावेत. माणूस निर्णयाला घाबरतो तो बहुतेक वेळा ‘चुकलं’ला नव्हे, लोक त्याला ‘हयगय’ म्हणतील याला.

बागलाणी
चूक कुठे झाली हे शोधतानाही घाई होते. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळा घड जिरला, त्याची बाळी झाली, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा आला, की सगळे म्हणतात तारीख चुकली. कधी कधी तसं असतंही, त्या दिवसांत ढगाळ हवा आणि पाऊस असेल तर घड जिरतो. पण काडीत घडाची निर्मिती होते ती एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या (नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतरच्या) दिवसांत. तेव्हा नत्र जास्त झालं, कॅनोपीत (पानांच्या पसाऱ्यात) दाटी झाली, उजेड मिळाला नाही, तर डोळ्यातला घडच अशक्त असतो. मग ऑक्टोबरची कोणतीही तारीख बरोबर ठरत नाही. आणि शेतकरी पुढच्या वर्षी तारखेबद्दलच कच खातो, जी चुकलेलीच नव्हती.

यासाठी वहीत चारच रकाने हवेत: तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय झालं. तिसरा रकाना त्याच दिवशी भरायचा. नंतर भरला तर माणूस निकाल पाहून कारण लिहितो.

दिंडोरीकर
उत्तम. आता ‘धाडस’ की ‘साहस’?

कोशवाचक
‘साहस’ हा ‘सहस्’ म्हणजे बळ यावरून. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा. दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस अशी नावं होती, मनुस्मृतीत अनुक्रमे 250, 500 आणि 1000 पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं). आज तो डाग पुसला गेलाय, पण ‘साहसी’त जोखमीची हौस उरली आहे. साहसी खेळ म्हणतो ते त्यामुळेच. बागेच्या हिशोबात हौस नको.

‘धाडस’ चालेल. भीती आहे तरी करणं, हा त्याचा अर्थ. मात्र त्याच्या शेजारी ‘आततायीपणा नव्हे’ असं जरूर लिहा. आततायी म्हणजे धनुष्य ताणूनच फिरणारा. त्याला लक्ष्य पाहायची गरज वाटत नाही.

पंचवटीकर
‘धाडस’पेक्षा ‘हिय्या’ घ्या. ‘मनाचा हिय्या करून’. हृदयावरूनच आलेला शब्द आहे, हिंदीतला ‘हिया’ त्याचाच भाऊ. धाडस हा माणसाचा गुण आहे, काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो, असं लोक धरून चालतात. हिय्या हा गुण नाही, ती एक वेळची कृती आहे. तो ‘करायचा’ असतो. भित्र्या माणसालाही हिय्या करता येतो. किंबहुना तो शब्द त्याच्यासाठीच आहे, धीट माणसाला हिय्या करावा लागत नाही. लिहिताना ‘हिय्या’, य ला य जोडून.

ओझरकर
कुठे हिय्या करायचा तेही सांगावं. फवारणीचं औषध बदललं, मजुरी वाढवली, एक ओळ वेगळ्या पद्धतीने विरळली, हे पुढच्या आठवड्यात दुरुस्त होतं. तिथे एका दिवसापेक्षा जास्त विचार करू नये. खुंट (ज्यावर कलम करतात ते झाड), जात, मांडव, छाटणी, या बिनपरतीच्या वाटा. कात्री लागलेली काडी जोडता येत नाही. तिथे वेळ घ्या, पण वेळेलाही शेवटची तारीख हवी. लोक नेमकं उलटं करतात, औषधाच्या बाटलीपाशी तासभर घुटमळतात आणि नव्या जातीची रोपं कोणाच्या तरी एका फोनवर मागवतात.

दिंडोरीकर
मसुदा बदलला. शेवटच्या पानावर आता एवढंच आहे:

‘चार गोष्टी तपासा. तारीख ठरवा. ती कशाने बदलेल ते आधी लिहा. मनाचा हिय्या करा. नंतर विचारा, काय चुकलं : अंदाज, वेळ की माप?’

पंचवटीकर
‘निर्णय घ्या’ऐवजी ‘ठरवा’ घेतलंत, छान झालं. एक दुरुस्ती. ‘तारीख ठरवा’च्या पुढे मोकळी रेघ ठेवा आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘कोणी ठरवली’. सही तिथे करायची.