२० हजारांत एमटीबी (माउंटन बाइक): पुढे सस्पेन्शन हवं की साधा चिमटा (फोर्क)?

घाटवाट
रोज डांबरी रस्ता आणि रविवारी टेकडी, एवढाच वापर असेल तर २० हजारांच्या नव्या सायकलीत सस्पेन्शनचा हट्ट सोडावा, असं माझं ठाम मत आहे. या किमतीत येतो तो नुसत्या स्टील स्प्रिंगचा चिमटा. वजन अडीच किलोच्या आसपास. साधा स्टीलचा चिमटा त्याच्या जवळपास निम्मा. डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय, नावालाच, त्यामुळे खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळून वर येते आणि पुढच्या चाकाची पकड नेमकी हवी तेव्हा जाते. स्वार ५५ किलोचा असो की ९०चा, स्प्रिंग तीच. वरची प्रीलोडची टोपी पिळून ती कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा दाब वाढतो.

तो पैसा मागच्या हबकडे (चाकाच्या मधल्या भागाकडे) वळवा. स्वस्त सायकलला हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील (गिअर-चकत्यांचा गठ्ठा) असतं. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या आत राहतात आणि सात चकत्यांच्या रुंदीएवढा एक्सल निराधार लटकतो. वजनदार स्वार आणि खराब रस्ता एकत्र आले की तो उजव्या छर्ऱ्यांपाशी वाकतो, मग तुटतो. शिमानो पद्धतीच्या कॅसेट हबमध्ये (चकत्या खाचांवर सरकवून बसवतात) छर्रे बाहेरच्या टोकाला असतात, म्हणून हा त्रास नाही. दुकानात ओळखायचं असं: मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मधल्या खाचांच्या रिंगकडे बघा. रिंग बरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील. आठ गिअर लिहिलेत म्हणून कॅसेट समजू नका; आठाची फ्रीव्हीलंही मिळतात.

कातळसडा
हबचं मान्य, चिमट्याचं नाही. सुट्या दगडांच्या लांब उतारावर साध्या चिमट्याने तळहात बधिर होतात आणि ब्रेक धरायची ताकदच उरत नाही. तिथे स्वस्त १०० मिमी स्प्रिंगही उपयोगी पडते. चढाला लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायचा खटका) लावायचा.

आणि आत्ता साधा, पुढे पैसे आले की सस्पेन्शन, हा बेत तपासून घ्या. चिमटा बदलला की फ्रेमचा कोन बदलतो, पुढची उंची २० मिमीने वाढली की साधारण एक अंश. त्यामुळे आखूड चिमट्यासाठी बनवलेल्या फ्रेमला १०० मिमीचा लावला की सायकल वळायला सुस्त होते. शिवाय स्वस्त फ्रेमची पुढची नळी (हेड ट्यूब) सरळ असते, तर आजचे बहुतेक चांगले चिमटे खाली जाड होत जाणाऱ्या दांड्याचे. ते बसतच नाहीत.

घाटवाट
बधिर हातांवर पहिला इलाज टायर. २.१ इंची टायरमध्ये लोक ५० पीएसआय हवा ठासतात आणि चिमट्याला दोष देतात. ७० किलोच्या स्वाराने टेकडीवर पुढे ३० आणि मागे ३३च्या आसपास ठेवून बघावं. ट्यूब असेल तर २५च्या खाली नको, रिम आणि दगडात चिमटून ट्यूबला दोन समांतर भोकं पडतात.

काळीमाती
दोघेही ब्रेकबद्दल गप्प आहात, आणि विदर्भ-मराठवाड्यात खरा प्रश्न तोच. काळ्या मातीचा चिखल रिमवर दाबणाऱ्या व्ही-ब्रेकच्या गुटक्यांत असा भरतो की चाक फिरायचं थांबतं. तिथे चाकाच्या मध्यावरच्या रोटरला (धातूच्या चकतीला) धरणारा डिस्क ब्रेक हवाच, तारेचा चालेल. फक्त तारेच्या बहुतेक डिस्कमध्ये एकच पॅड हलतो. आधी आतला स्थिर पॅड रोटरच्या शक्य तितका जवळ आणा, मग तार ताणा. पॅड झिजत जाईल तसं नुसती तारच ताणत राहिलात, तर कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) दांडा आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि दाबायला जागा उरत नाही. रोटरवर ‘ओन्ली रेझिन पॅड’ छापलं असेल तर त्यावर मेटल पॅड घालू नका, रोटर झटपट झिजतो.

घाटवाट
चिखलाचा मुद्दा पटला. कोरड्या टेकडीला मात्र व्ही-ब्रेक स्वस्त पडतात. गुटके कुठल्याही गावात मिळतात.

कातळसडा
मग २० हजारांत वापरलेली का नको? जुनी, पण हवेच्या चिमट्याची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) मिळू शकते, आणि हवेचा दाब स्वाराच्या वजनाप्रमाणे ठरवता येतो. म्हणजे तुमचा ५५ आणि ९०चा आक्षेप संपला. घेताना चेन मोजा: १२ पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) ३०४.८ मिमी भरायला हव्यात. ३०७ भरली तर चेन गेलीच, बरोबर कॅसेटही गेली असं धरून किंमत पाडा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हेडसेटला (हँडल फिरतं त्या छर्ऱ्यांच्या जागेला) बोट लावून खडखड चिमट्याची की हेडसेटची ते कळतं. हेड ट्यूबच्या वेल्डखाली रंगात बारीक रेघ दिसली तर सोडून द्या.

घाटवाट
वापरलेली घ्यायला हरकत नाही, पण मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हवेच्या चिमट्याला सील-तेलाची सर्व्हिस लागते, तिचे पैसे २० हजारांतूनच बाजूला काढा. ते काढल्यावर मनासारखी सायकल बसत नसेल, तर नवी साध्या चिमट्याची घ्या. आणि पुढे २४, मागे ३४ दाती चकती आहे का ते दोन्हींत बघा. पुढे एकच ३४ची चकती दिली असेल तर घाटात उतरून ढकलावी लागेल.